रेवतीला कावीळ झालीच नव्हती

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार, १४ जून

तीर्थरूप चंद्रप्रभाताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, सूर्यकांतचा, वाकून (कंबर वाकते तेवढंच वाकून) नमस्कार. दाजींनाही सांग. तुझा डावा डोळा कसा आहे? ऑपरेशनला महिना होऊन गेला, म्हणजे आता वाचायला हरकत नसावी. हे पत्र तूच वाच; दाजींकडून वाचून घेतलंस तर ते प्रत्येक परिच्छेदाला थांबून आपलं मत देतील आणि दिवाळी येईल. फोन का केला नाही, असं तू विचारशीलच. ताई, फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो, हो, बिल्कुल' म्हणतो. वर्षानुवर्षं ही पद्धत सुरळीत चालली आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या खेपेला मला बोलायचं आहे, आणि तू मधे 'अरे पण' म्हटलंस की माझा धीर सुटतो. कागद मधे बोलत नाही. इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य गेलं वर्षभर मी तुला दर रविवारी ऐकवत आलो आणि ते दर रविवारी खोटं होतं. आज खरं आहे, म्हणून तर लिहायला बसलो.

तर आधी कबुली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या रेवतीला कावीळ झाली नव्हती. कसलीच झाली नव्हती, म्हणजे लिव्हरचं काही नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत ती पहिल्याच पेपरला अर्ध्या तासात उठून बाहेर आली, रिक्षा करून घरी आली, खोलीत गेली आणि तीन महिने जवळजवळ बाहेर आलीच नाही. जेवायची नाही, आंघोळीला दोन-दोन दिवस जायची नाही, हाक मारली तर 'पापा, प्लीज' एवढंच. आम्ही दोघं दाराबाहेर उभे. ममता आत जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवायची, मी पंख्याचा रेग्युलेटर तपासायचो. त्याच आठवड्यात तुझा फोन आला, रेवती कुठाय म्हणून, आणि माझ्या तोंडून 'कावीळ' निघून गेलं. का ते मला आजही सांगता येणार नाही. पण एकदा तोंडातून निघालेली कावीळ परत घेता येत नाही गं. तू कुणा फौजी जवानाबरोबर कराडहून पुडीतलं औषध धाडलंस आणि रोज विचारायला लागलीस, 'कडू लागतं का? किती कडू?' मला खोटं रचून सांगता येईना, म्हणून सात दिवस ते औषध मी घेतलं. (कडू लागतं. आठव्या दिवशी मी मेडिकल लीव्ह टाकली.) वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी मुळ्याचा पाला आणून दिला, समोरच्या मिश्राजींच्या घरून उसाचा रस यायला लागला, आणि शेजाऱ्यांना शंका नको म्हणून ममताने घरातलं तेलतूप बंद केलं. तीन महिने आम्ही दोघं धडधाकट माणसं एका न झालेल्या काविळीचं पथ्य पाळत होतो. आणि जिला खरंच बरं नव्हतं, तिच्यासाठी काय करायचं ते आम्हाला कळत नव्हतं.

नंतर दवाखाने सुरू केले. नावं लिहीत नाही. चोवीस वर्षं सरकारी नोकरी केलीय, नाव कुठे लिहू नये एवढं कळतं. एका मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या खिडकीवर म्हणाले, एकोणीस पूर्ण, म्हणजे मोठी झाली. मोठ्यांच्या खिडकीवर म्हणाले, कॉलेजात आहे ना, मग आईवडिलांना आणा. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. दोनशे माणसांच्या रांगेसमोर त्या खिडकीतून ओरडून विचारलं गेलं, 'वो डिप्रेशनवाली लडकी कौन है?' रेवतीने माझ्या हातातला हात सोडवून घेतला आणि ती थेट गेटबाहेर. पुढच्या वेळी एक डॉक्टर भेटले, माणूस चांगला, पण त्यांच्याकडे आमच्यासाठी चार मिनिटं होती, आणि पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची. शेवटी वाट काढली ती तिच्या मैत्रिणीने, मयुराने. नोएडात एक समुपदेशक बाई तिला माहीत होत्या. दर गुरुवारी मयुरा आमच्याकडे येऊन रेवतीला खोलीतून उठवायची, मेट्रोत बसवायची, तिकडे बाहेर बाकावर तासभर बसायची आणि परत आणून सोडायची. पाच महिने! इतकं सातत्य मी कुठल्या कामात दाखवल्याचं माझ्या सर्व्हिस बुकात नाही. हळूहळू पोर जेवायला टेबलाशी येऊन बसायला लागली. एके दिवशी वरण खारट झालंय म्हणाली. ममता स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि ते वरण आम्ही पुरवून पुरवून खाल्लं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फेब्रुवारीत नवीनच सुरू झालं. रेवती दर शनिवारी चारच्या सुमारास बाहेर पडू लागली. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फॉर्म. फोनवर कुजबुज. कुठे जातेस विचारलं की 'काम आहे यार, पापा.' मला वाटलं प्रेमप्रकरण असेल. ममता म्हणाली, प्रेमात माणूस फॉर्म भरून घेत नाही. मग एका शनिवारी सकाळी तिच्या टेबलावर मला एक पत्रक सापडलं. (मी शोधत नव्हतो. पंख्याचा रेग्युलेटर बघायला गेलो होतो.) वर मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'घालमेल'. खाली हिंदीत, शनिवारी चार वाजता, समाज सदन, युवा आपल्या मागण्या मांडतील. आता ताई, आपल्याकडे जिवाची घालमेल होते. पण हिंदीत घालमेल म्हणजे भेसळ, गडबड, घोटाळा! केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याची मुलगी, कसल्यातरी घोटाळ्याविरुद्ध आंदोलनात, आणि तेही माझ्या क्वार्टरपासून सात मिनिटांवर. डोळ्यांपुढे आचारसंहितेचे नियम क्रमांकासकट उभे राहिले.

त्या शनिवारी संसदेतल्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी मला ऑफिसला बोलावलं होतं. (माझं खातं मासे आणि तळी यांचं आहे, हे तुला ठाऊक आहेच, दाजी अजून मला 'कोळी' म्हणतात.) परस्पर तसाच समाज सदनाकडे गेलो. बेत असा की मागच्या रांगेत बसायचं, काय चाललंय ते बघायचं आणि गुपचूप निघायचं. पण गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र राहिलं होतं. दारात मयुरा असती तर तिने ओळखलं असतं, पण दारात होता इंद्रजित नावाचा एक उंच मुलगा, कँटोन्मेंटमधल्या आपल्याकडच्याच एका सुभेदाराचा. त्याने ओळखपत्रावरचे सिंह पाहिले, ताठ उभा राहिला, 'सर आ गए!' अशी आत वर्दी दिली आणि मला हाताला धरून थेट पहिल्या रांगेत 'विशेष अतिथी' लिहिलेल्या खुर्चीत नेऊन बसवलं. आरोग्य खात्याकडून कुणी येतील अशी त्यांना आशा होती. मी 'अच्छा, पण' म्हणेपर्यंत हातात गुलदस्ता आला आणि पाण्याचा ग्लास आला. मागे वळून पाहिलं तर साठेक पोरंपोरी, आठ-दहा पालक, आणि माझ्यात नि दारात पन्नास खुर्च्या.

तेवढ्यात स्टेजवर रेवती आली. मला पाहून ती क्षणभर थांबली. मला वाटलं, आता संपलं. पण तिने माईक नीट केला आणि बोलायला सुरुवात केली.

ताई, मी ते तुला जसंच्या तसं सांगू शकणार नाही. ती हिंदीत बोलली, कुठेही न अडखळता. म्हणाली, आमच्या गटाचं नाव घालमेल आहे, हा मराठी शब्द आहे, लहानपणी पेपरच्या आदल्या दिवशी माझ्या पोटात कसंतरी व्हायचं तेव्हा पापांनी तो मला शिकवला होता. मला काय होतंय ते सांगायला माझ्याजवळ तेवढा एकच शब्द होता. मग तिने खिडक्यांचं सांगितलं, रांगेचं सांगितलं, त्या ओरडण्याचं सांगितलं. आसपासच्या तीनशे बारा तरुण मुलामुलींना यांनी घरोघर जाऊन विचारलं होतं (म्हणजे ते पुठ्ठे!), निम्म्याहून जास्त जणांना मदत हवी होती आणि कुठे जायचं हे ठाऊक नव्हतं. मागण्या साध्या होत्या: जवळच्या सरकारी दवाखान्यात तरुणांसाठी समुपदेशक, तोही दुपारनंतर, कॉलेज सुटल्यावर, वेगळं दार, आणि नावाचा पुकारा नको. शेवटी ती म्हणाली, 'मी खोलीत पडून असायचे तेव्हा बाहेर फोनवर रोज ऐकू यायचं की मला कावीळ झाली आहे. मला वाटायचं, माझा आजार इतका वाईट आहे की माझ्या घरात त्याचं नावसुद्धा घेता येत नाही.'

लगेच इंद्रजितने, परेडवर पुकारावं तसं, जाहीर केलं की आता विशेष अतिथी मार्गदर्शन करतील. मी उठलो. गुलदस्ता कुठे ठेवायचा ते कळेना, म्हणून हातातच धरला. म्हणालो, मी आरोग्य खात्याचा नाही, मत्स्यपालनाचा आहे. मी चुकून इथे बसलोय. ही माझी मुलगी आहे, आणि ती कावीळ मी लावलेली आहे. माझं चुकलं. मला वाटलं होतं मी तिला झाकतोय, लोकांपासून वाचवतोय. मग मी त्या औषधाचं सांगितलं. सात दिवस घेतलं, फार कडू होतं, एवढंच. आधी मागे कुणीतरी हसलं, मग सगळे, आणि स्टेजवर रेवती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. वर्षभरात तिला मी असं हसताना पाहिलं नव्हतं. मग ती खाली आली आणि माझ्या शर्टाला नाक पुसून म्हणाली, 'पापा, तुम्ही ते खरंच खाल्लंत?'

आणि तिसऱ्या रांगेतून साध्या सुती साडीतल्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, मी डॉक्टर विनया, दवाखान्याची प्रमुख, वेळेवर आले होते, पण गळ्यात काही नव्हतं म्हणून कुणी विचारलं नाही. इंद्रजित पांढराफटक. बाई हसल्या, म्हणाल्या की मला हे पटलंय, पण पटून चालत नाही, लेखी द्या, आणि असं द्या की वर कुणाला परत पाठवता येणार नाही.

ताई, आयुष्यात प्रथमच माझ्या विद्येला कुणीतरी हाक मारली. अर्ज कसा परत पाठवावा यात माझी हयात गेली आहे. पोरांचा अर्ज अकरा पानांचा होता, त्यात एक कविता आणि एक सूर्योदयाचं चित्र. मी तो एका पानावर आणला. इंद्रजित सूर्योदयासाठी पाऊण तास भांडला. मी त्यांना शिकवलं की अर्जात 'समाजाची मानसिकता बदला' म्हणू नये, कारण ते काम कुठल्याच टेबलाचं नसतं. 'मंगळवार व शुक्रवार, तीन ते सहा, खोली क्रमांक चार' म्हणावं, कारण ती खोली रिकामी आहे हे डॉक्टरबाईंना ठाऊक आहे. पोच घ्या, डायरी नंबर घ्या, दर सोमवारी जा, हसतमुखाने जा आणि खुर्ची दिली तर बसा. फाइल तीनदा 'आवश्यक कार्यवाहीसाठी' म्हणून फिरून तिथेच आली. रेवती प्रत्येक वेळी घरी येऊन चिडायची आणि मी आतून घाबरायचो, ही पुन्हा खोलीत तर जाणार नाही ना? ती खोलीत जायची नाही, मयुराला फोन लावायची आणि दोघी मिळून सरकारला (म्हणजे मला) शिव्या घालायच्या. नवव्या सोमवारी मंजुरी आली. सहा महिने, प्रायोगिक तत्त्वावर.

गेल्या मंगळवारी पहिला दिवस. बाजूचं दार, नावाऐवजी नंबर. कुणाला संकोच नको म्हणून आम्ही रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी उभे, रेवती, मयुरा आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी. तीन वाजले, साडेतीन वाजले. कुणी नाही. रेवती म्हणाली, कुणी आलंच नाही तर बंद करतील. मी तिसरा चहा घेतला. चारला एक मुलगी स्कूटीवरून आली, दोनदा दारासमोरून पुढे गेली, वळून आली, आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढता आत शिरली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. मग दोन मुलं आली. मग एक वडील मुलाला दारापर्यंत सोडून बाहेर कडुनिंबाखाली उभे राहिले; काय करावं न कळून ते दाराची कडी हलवून बघत होते. सहा वाजेपर्यंत नऊ जण आले. रेवती टपरीच्या बाकावर बसली आणि म्हणाली, 'पापा, भूक लागली.' ताई, मी समोशांची अख्खी परात उचलायच्या बेतात होतो.

तिने या मे महिन्यात राहिलेले पेपर दिले. एक अवघड गेला, असं ती स्वतः येऊन म्हणाली. काल माझ्याशी भांडली आणि दार आपटून गेली. ममता आणि मी एकमेकांकडे पाहून हसलो. दहा मिनिटांनी ते दार उघडलं, एवढंच सांगायचं होतं.

माझं खोटं पोटात घाल. दाजींना हे पत्र वाचायचं असेल तर वाचू दे, माझी हरकत नाही. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा
सूर्यकांत

ता. क. ममता म्हणते, कुणी येणार असेल तर मेतकूट आणि थोडी कोरडी चटणी पाठव. इकडच्या तिखटाला चव नाही.

ता. क. दुसरा. खरं तर यासाठीच पत्र लिहिलं. तुझा सुधन्वा पुण्याच्या होस्टेलवरून घरी येऊन दीड महिना झाला. मेसचं जेवण मानवलं नाही, असं तू सांगितलंस. मी 'हो, हो' म्हणालो. पण ताई, तो फोनवर येत नाही. मागच्या रविवारी तू त्याला तीनदा हाक मारलीस, ती मला इकडे ऐकू आली, आणि तिसऱ्या हाकेला तुझा आवाज कसा झाला तेही ऐकू आलं. मला काही सांगू नकोस, दाजींनाही समजावत बसू नकोस. पुढच्या रविवारी, तोवर हे पत्र पोचलेलं असेल, संध्याकाळी सहा वाजता रेवती फोन करेल, तुला नाही, त्याला. तो बोलला नाही तरी ती फोन धरून ठेवणार आहे, तिला अशा न बोलण्याची सवय आहे. तू फक्त फोन त्याच्या उशाशी ठेव, आणि येताना दार लोटून घे.