पत्नीच्या दफनास तीन महिन्यांचे बाळ आणण्याबाबत

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
नगरसभा, न्यूयॉर्क.

विषय: वरीलप्रमाणे.
संदर्भ: गुलामांच्या अंत्ययात्रेस बारांहून अधिक जण नसावेत, जादा आल्यास फटके, हा नगरसभेचा नियम.

महोदय,

१. मी टोबियास एमान्युएल, मुक्त माणूस, लाकडी पिंपे बांधतो. माझी पत्नी इसाबेल शेवटपर्यंत गुलामच होती. परवा ती खोकल्याने गेली. दफन उद्या दुपारी आहे; नियमाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी उरकू. निरनिराळ्या मालकांकडे असलेल्या आमच्या माणसांना एकाच दुपारची सुट्टी मिळवताना माझ्या जोड्यांचे तळ झिजले. अशी दुपार पुन्हा मिळणार नाही.

२. खांदेकरी आणि खड्डा खणणारा मोजणीत येत नाहीत. म्हणून चारही मुलगे खांद्याला लावले, खड्डा मी खणणार. उरल्या पाच मुली, चार जावई, इसाबेलच्या तीन बहिणी. बरोबर बारा.

३. काल आपले हवालदार मला बरोबर घेऊन मालकांच्या घरोघरी यादी तपासत फिरले. धाकटी मुलगी डिना हिच्या कडेवर बाळ होते. ते म्हणाले, "डोकं आहे ना त्याला? मग तेरा झाले." बाळाला चालता येत नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर, "चालत नसेल, रडेल तर? रडला की हजेरी लागली," असा खुलासा मिळाला.

४. बाळ अंगावर पिते. डिनाच्या मालकिणीने तिला उद्याची सुट्टी देताना, घरात रडके पोर ठेवून जायचे नाही, असे बजावले आहे. डिनालाच वगळावे, तर ती इसाबेलचे शेंडेफळ. आजारात तिला एकदाही आईकडे येऊ दिले नाही, आणि इसाबेलने हे नातवंड पाहिलेच नाही. महोदय, हे मला सहन होत नाही.

५. तरी बाळास मोजणीतून वगळावे. ते शक्य नसल्यास, जादा माणसाचे जे फटके असतील, ते बाळाऐवजी मला आजच, आगाऊ मारावेत. मी मुक्त असल्याने हा नियम मला लागत नाही. परंतु माझी हरकत नाही, असे येथे लिहून देतो. फटक्यांची पावती मिळावी, म्हणजे उद्या हवालदारांना दाखवता येईल. फटके पाठीवर मारावेत, हात मात्र वगळावेत. जमीन गोठली आहे आणि खड्डा मला खणायचा आहे.

आपल्या कचेरीच्या पायरीवर उत्तरासाठी थांबलेला,
टोबियास एमान्युएल
९ जानेवारी १७३३

सोबत: १. बारा जणांची यादी. २. माझ्या मुक्ततेचा कागद.