भिंत सोडून चूल

आई, मागल्या महिन्यात गवंड्याला मी तुझंच वाक्य ऐकवलं. नव्या घरात चूल कुठल्या भिंतीला मांडायची, असं तो विचारत होता. मी म्हटलं, खोलीच्या मधोमध. तो हसला. "बाई, चुलीला भित लागतीच की." मी म्हटलं, "चुलीला न्हाय, भित मला लागतीया." आणि कमरेला पदर खोचून, असंच म्हणत उभी असलेली तू दिसलीस.

अण्णांनी सोलापुरात अडतीचं दुकान टाकलं, मागं घर बांधलं आणि स्वयंपाकघर तेवढं तुझ्यावर सोडलं. तू चूल मधे आणलीस. भिंतीवर फळी नको म्हणालीस, साधी खुंटीसुद्धा नको. सगळे डबे जमिनीवर. पीठ हवं असलं तर हळदीला ओलांडून जावं लागे. आणि ती मोकळी भिंत तू गेरू नि निळीनं रंगवलीस. मोर, ज्वारीची कणसं आणि मधेच गिरणीचं धुराडं. आत्या बघून म्हणाली, "हितं सैपाक करायचा हाय का जत्रा भरवायचीया?" तू तिला चहा दिलास आणि धुराड्याला आणखी थोडा धूर काढलास.

पण चूल मधे म्हणजे धूर खोलीभर. दिवाळी जवळ आली तोवर तुझ्या मोराचा कावळा झाला होता. अण्णांनी बरंच सोसलं. मग एकदा ताटावरून उठताना म्हणाले, "उद्या गवंडी येतोय. चूल कडंला घ्यायची अन् ह्या भितीवर फळ्या मारायच्या. बास झालं." तू ताटं उचललीस. मला मात्र रडू फुटलं, कारण त्या घरात तुझं म्हणून तेवढंच होतं.

सकाळी बघते तर तू दुकानातला पोती शिवायचा दाभण घेऊन भिंतीपाशी बसली आहेस. काजळी, रंग, सगळं खरवडते आहेस. खालचा चुना उघडा पडतो आहे आणि काळ्यावर पांढरा मोर उमटतो आहे, आधीच्यापेक्षा कितीतरी देखणा. गवंडी आला तो बघतच राहिला. "मालक, ह्यात खिळा कुटं मारू, तुमीच सांगा." अण्णांनी मोराच्या पिसाऱ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "फळ्या दुकानात मार." त्या दिवसापासून ते त्या भिंतीकडं तोंड करून जेवायला बसू लागले.

आमच्याकडं आता स्टोव्ह आलाय. ह्यांचं म्हणणं, चूल हवी कशाला? तो मी चहापुरता ठेवलाय, कारण त्याला धूरच होत नाही. तुला म्हणून सांगते, मला चित्र काढता येत नाही. माझा मोर कोंबडीवर जातो. पण तुझा दाभण मी जपलाय, आणि भिंत लवकर काळी व्हावी म्हणून मुद्दाम ओली लाकडं जाळतेय. डोळे चुरचुरतात, पण फार बरं वाटतं. हे पत्र तरी टपालात कुठं टाकू? चुलीत घालते. तेवढाच भिंतीला धूर.