अंगावरून जाणाऱ्या गायी

फुलचूर, गोंदिया
नरकचतुर्दशी, २० ऑक्टोबर २०२५

चि. प्रेरणास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे. हे वाक्य पद्धत म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नकोस.

कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. पोस्टानं पाठवलं तर तुझी टूर काठमांडूहून परतून भलतीकडेच निघालेली असेल. आणि फोनवर बोलायची सोय नाही, कारण तुझे बाबूजी दाराआड उभे असतात. नोकरीभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिले. फोनवर कोण कोण ऐकत असतं ते मला कुणी शिकवायला नको.

सकाळी पाठवलेले फोटो पाहिले. काठमांडूत आज कुत्र्यांचा सण, गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळावर टिळे, आणि तुझे पुणेकर प्रवासी त्यांच्या गळ्यात गळा घालून सेल्फी काढताहेत. घरी परतल्यावर हेच लोक सोसायटीतल्या कुत्र्याविरुद्ध अर्ज देतील. असो. त्या पांढऱ्या कुत्र्याचा चेहरा तुझ्या थोरल्या काकांसारखा आहे. त्यांना दाखवू नकोस.

आता मुद्दा. परवा पाडव्याला तुझे बाबूजी गावी जाऊन गायगोधनात गाईंच्या वाटेवर पालथे झोपणार आहेत. गावची सगळी गुरं त्यांच्या अंगावरून जाणार. नवस आहे म्हणतात.

तू लहान असताना माझ्या कडेवरून हे बघितलं आहेस आणि मोठ्यानं रडली आहेस. शिंगं रंगवलेली गुरं गावाबाहेर गोळा करायची, मागून फटाके फोडायचे, आणि शेतांच्या कुंपणांमधल्या त्या अरुंद पांदणीतून सगळा कळप सोडायचा. पांदणीत नवसाची माणसं, तोंड मातीत घालून. ही जवान माणसं असतात. तुझे बाबूजी सत्तरी ओलांडलेले. पलंगावरून उठताना ते आधी माझं, मग देवाचं, मग गुडघ्याच्या डॉक्टरचं नाव घेतात.

मी विचारलं, "झोपाल, पण उठता येईल का?"

म्हणाले, "उठाचं काय काम? निजाचं हाय."

आपला गुराखी सुकराम दिवाळी मागायला आला होता. त्याला म्हटलं, तू तरी सांग यांना. तर तो म्हणतो, "बाई, गाय मोठी समजदार रायते. मानसावर पाय नाही देत."

"मग मागच्या वर्षी ओमेशच्या खांद्याचं हाड कसं मोडलं?"

"त्याचा नवस खोटा होता ना, बाई."

"हाडाच्या डॉक्टरनं तसं लिहून दिलं का?"

हसला आणि लाडू घेऊन गेला. म्हणजे गाय कधी चुकत नाही, लागलं तर माणूस खोटा. असा न्याय असेल तर कोर्टं कशाला हवीत?

यात तुझाही हात आहे, हे लक्षात ठेव. फेब्रुवारीत मलेशियाच्या त्या गुहांपाशी गालातून सळई आरपार गेलेल्या माणसाचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'आई, काय अद्भुत श्रद्धा!' मग बालीतले राक्षसांचे पुतळे. त्यांची मिरवणूक काढून ते जाळतात आणि दुसऱ्या दिवशी अख्खं बेट गप्प बसतं, विमानसुद्धा उडत नाही. तेही अद्भुत. मॉरिशसमधलं महाशिवरात्रीचं तळं, तेही अद्भुत. बाबूजी चष्मा पुसून पुसून ते सगळं बघतात. दसऱ्याला आलीस तेव्हा तूच त्यांना म्हणालीस, "बाबूजी, आपलं गायगोधन काय कमी आहे? जगभरातून लोक येतील बघायला. आमच्या कंपनीच्या पुस्तिकेत एक पान टाकते." त्या दिवसापासून ते छाती काढून चालतात. परक्याच्या गालातली सळई अद्भुतच असते, बाई. आपल्या घरात आणून बघ.

काल दळण आणायला गेले तर गिरणीसमोर एक गाय उभी होती. मी तिच्या खुरांकडे बघत राहिले. एवढं मोठं जनावर, आणि खूर केवढेसे. सगळं वजन तेवढ्यावर. गिरणीवाला म्हणाला, "मॅडम, क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, वजन देख रही हूँ." त्याला वाटलं पिठाचं. त्यानं पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली.

तर तू त्यांना फोन कर. तुझं ऐकतात. मी लिहिलं हे सांगू नकोस. आणि नवस कशाचा, ते विचारत बसू नकोस. या वयात माणसं काहीबाही बोलून बसतात. फक्त थांबव.

तुझी आई,
दुलारी

फुलचूर
लक्ष्मीपूजन, २१ ऑक्टोबर

प्रिय प्रेरणा,

फोन केलास, बरं केलंस. उपयोग झाला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ते म्हणाले, "पोरी, तू नेपाळात गाईले हार घाल, मी इथं पाठ देतो," आणि हसले. मग नको म्हटलेलं असताना तू विचारलंसच, नवस कशाचा. ते म्हणाले, "तुह्या मायले विचार," आणि फोन माझ्या हातात दिला. मी रेंज नाही म्हटलं आणि ठेवून दिला.

रेंज होती.

बालीहून तू तशीच जपानला गेलीस, एप्रिलमध्ये. रोज त्या गुलाबी फुलांचे फोटो येत होते. तुला सांगितलं होतं की आम्ही नागपूरला चंदामावशीच्या मुलीच्या लग्नाला आलो आहोत. चंदाला मुलगीच नाही. जगाचा नकाशा पाठ असलेल्या माझ्या लेकीच्या हे लक्षात आलं नाही.

छातीत डाव्या बाजूला गाठ होती. ती काढली. बाजूही काढली. मग सलाईनमधून औषधं दिली, केस गेले. त्या दिवसांत व्हिडिओ कॉलचा कॅमेरा बिघडला होता, आठवतं? कॅमेरा चांगला होता. दसऱ्याला तू म्हणालीस, "आई, बॉयकट काय छान दिसतो तुला!" मी म्हटलं, फॅशन आहे.

सांगितलं असतं तर तू टूर टाकून धावत आली असतीस आणि माझ्याकडे त्या नजरेनं बघितलं असतंस. बाबूजी बघत होते तेवढं पुरे होतं.

मला आत नेलं तेव्हा ते दवाखान्याच्या पायरीवर बसून बोलले, ही घरी आली तर पाडव्याला गोमातेला पाठ देईन. मला हे घरी आल्यावर कळलं. मी म्हटलं, "कापलं डॉक्टरनं आणि श्रेय गाईला?" ते माझ्या औषधाच्या गोळ्या वाटीत काढत राहिले.

आता जे लिहिते ते एका दमात लिहिते, नाहीतर कागद फाडून टाकीन.

मी 'जाऊ नका' म्हटलं तर हा माणूस जाणार नाही. माझ्या एका शब्दावर त्यांनी बिडी सोडली, भावाशी वाटणीचं भांडण सोडलं. मी सुकरामला सांगितलं, तुला सांगितलं, गुडघ्याच्या डॉक्टरांनाही फोन करून झाला. बाबूजींना तेवढं सांगितलं नाही. शब्द जिभेवर येतो आणि मी डाळीत मीठ घालते. आज डाळ दोनदा खारट झाली, त्यांनी गुपचूप खाल्ली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. नवस राहिला आणि गाठ परत आली तर? हे मी विचारते आहे. देवाला सगळं कळतं तर मोठ्यानं कशाला सांगायचं, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना भर वर्गात विचारून बाकावर उभी राहिलेली मी. मला तो नवस फिटायला हवा आहे, प्रेरणा. त्यांच्या पाठीवरून फिटला तरी.

तू मला काय म्हणशील याची भीती वाटायला हवी. पण तिला जागाच उरलेली नाही. सकाळी आम्ही गावी निघतो.

आई

आमगावजवळ, आपल्या गावाहून
भाऊबीज, २३ ऑक्टोबर

प्रिय प्रेरणा,

बाबूजी धडधाकट आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. काल तुझे फोन आम्ही घेतले नाहीत. ते बोलत नव्हते आणि मला बोलता येत नव्हतं.

पाडव्याला ऊन कडक होतं, म्हणून छत्री घेतली होती. पांदणीच्या कडेला बायका उभ्या होत्या, डफ वाजत होता. तुझी मंदाकाकू माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, पुण्याचं काम हाय. रडू नोका."

"रडत नाही, धूळ जाते आहे डोळ्यात."

तोवर धूळ उडायची होती.

तिघे जण झोपले होते. दोन तरुण पोरं आणि मध्ये तुझे बाबूजी, उघडी पाठ घेऊन. मला त्यांच्या टाचा दिसत होत्या. डावी टाच फुटलेली आहे. सकाळी मीच तिला व्हॅसलीन लावून दिलं होतं, जसं काही लांबच्या गावाला पाठवायचं आहे.

मग मागं फटाक्यांची माळ पेटली. आधी धूळ दिसली, नंतर शिंगं. खुरांचा आवाज माझ्या तळपायांना ऐकू आला. नवसाच्या माणसानं मान उचलायची नसते. बाबूजींनी उचलली. तेवढ्यात मला त्यांचं तोंड दिसलं.

ते भ्याले होते. दवाखान्यात, घरी, माझ्या उशीवर केसांचे पुंजके निघत होते तेव्हा, हा माणूस माझ्यासमोर एकदाही भ्यालेला दिसला नव्हता. मला वाटलं होतं, त्यांना भीती वाटतच नाही. ती त्यांनी कुठं ठेवली होती, कोण जाणे.

मी पांदणीत कशी उतरले ते आठवत नाही. मंदाकाकू सांगते, मी तिच्या हाताला झटका देऊन गेले. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले आणि छत्री उघडली. फट्‌कन. पुढची लाल गाय चारी पाय रोवून थांबली. तिचा श्वास माझ्या मनगटावर आला. मागच्या तिच्यावर आदळल्या, आणि मग सगळा कळप वळून, कुंपण मोडून मंदाकाकूच्या वांग्यांत शिरला.

सुकराम कपाळ बडवत ओरडला, "बाई! नवस मोडला नं बाई!" शेजारचा पोरगा मातीत उठून बसला. म्हणाला, "अन् आता माहं काय?" नंतर गुरं परत गोळा करून त्या दोघांसाठी पुन्हा सोडली. दोघंही सुखरूप आहेत. मी तिकडं पाठ करून उभी होते.

बाबूजींना उठता येईना. सुकरामनं आणि मी धरून उभं केलं. छातीला, दाढीला शेण लागलेलं. ते हळूच म्हणाले, "कायले आलीस वं?"

"तुमच्या अंगावरून गेल्या असत्या."

"आता तो मोडला नवस तुह्या अंगावर येईन."

"येऊ द्या," मी म्हटलं.

धीराची बाई म्हणून म्हटलं असं समजू नकोस. छत्री मिटायचं सुचेना, ती सुकरामनं मिटली. हे लिहितानाही अक्षर वाकडं येतं आहे, दिसत असेलच. सिस्टरांनी घोटून घेतलेलं वळण होतं ते.

दिवसभर ते बोलले नाहीत. गाव मात्र भरपूर बोललं. शिकलेल्या बाईनं गोमातेला अडवलं, आता बघा काय होते ते, असं माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात बोललं. बोलू दे. गाव जे म्हणतं त्यालाच मी भिते आहे, म्हणून कुणाला उलटून काही बोलले नाही. असं पहिल्यांदाच झालं.

आज सकाळी बाबूजी चहाचे दोन कप घेऊन ओसरीवर आले. कधी नव्हे ते चहा त्यांनी केला होता, पाणचट. म्हणाले, "मी गाईले सांगून आलो. पुढच्या वर्षी फेडतो म्हटलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"काई नाई. चारा खाऊन राहिली होती." मग कपात बघत म्हणाले, "पन तवरिक तुले राहा लागन. तुह्याविना कायचा नवस?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मी पुन्हा छत्री आणीन."

"छत्री मी विहिरीत टाकून देईन."

टाकणार नाहीत. ती त्यांनीच पुसून खुंटीला लावली आहे.

त्या पुस्तिकेत आमच्या गावाचं पान टाकू नकोस. इथं मंदाकाकूच्या वांग्यांशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, आणि तीही आता राहिली नाहीत.

शेवटचं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला तपासणी आहे. तेव्हा तुझी कंबोडियाची टूर आहे, ते मला माहीत आहे. विष्णूचं ते मोठं देऊळ दाखवायचं आहे तुला लोकांना. ते शेकडो वर्षं उभं आहे, आणखी थोडं थांबेल. आजवर मी तुला कुठलीही टूर सोडून ये म्हटलेलं नाही. आता म्हणते.

त्या यंत्राच्या खोलीत एकटीलाच जावं लागतं. पालथं झोपवतात. मग ते धडधडायला लागतं, आणि मान उचलायची नाही असं बजावतात. मागच्या वेळी मी उचलली नव्हती. या वेळी उचलेन. तेव्हा काचेपलीकडे तू दिसायला हवीस.

इकडे सर्व खुशाल आहे, असं या वेळी लिहीत नाही.

भ्यालेली,
तुझी आई