गांडुळातली हवा

६ जाने.
तेरवी आटोपली. पाहुणे गेले. न्हाणीतलं पाणी परत वर चढलं. निखिलचं गांडूळ अजून अंगणाखालच्या सांडपाण्याच्या पाइपात आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टचं, रबराचं. हवा भरली की मागचा भाग फुगून पाइप धरतो, मधला लांबतो, मग पुढचा धरतो. तुंबलेलं काढायला त्यानेच सोडलं, आणि तेच अडकलं. नळीचा काहीतरी जोड आणायला गाडीवर निघाला. म्हणाला, "बाबा, हवेची चावी खोलू नोका. मी आलो की काढतो."
केळझरच्या अलीकडे त्याची गाडी—

९ जाने.
सौ. म्हणाली, "किती दिवस बादल्या उपसू? मले बी कंबर आहे." प्लंबर येऊन बघून गेला. फरशी फोडून पाइपच काढू म्हणतो. "खरं गांडूळ मीठ टाकलं की निघते, भाऊ. हे काय खाते?" कोणी हसलं नाही. तोच ओशाळला. मी फोडू नको म्हटलं.

१४ जाने.
यंदा सण नाही. शेजारणीने तीळगूळ कागदात बांधून उंबऱ्यावर ठेवला. दुपारी श्वेता आली, प्रोजेक्टमधली निखिलची जोडीदार. अंगणातल्या चेंबरपाशी बसून हवेची नळी बघितली. "काका, चावी खोलली की ते ढिलं पडते. ओढलं की येते."
"आतली हवा त्यानेच भरलेली ना?"
तिने नळी खाली ठेवली. मग, "ते रबर आहे, काका. हवा केव्हाच निघून गेली असंल."
चहा न घेताच गेली.

१५ जाने.
नळी हलकेच ओढली. आतून धरून आहे. सौ.ला सांगितलं नाही. दुकान दुपारीच बंद केलं.

१८ जाने.
सौ.ने प्लंबरला उद्या बोलावलं. मला विचारलं नाही. बरोबरच आहे. सायंकाळी चेंबरपाशी बसलो होतो. ती बादली ठेवून शेजारी बसली.
"हवा आहे का जी त्यात?"
"खोलल्याशिवाय कसं समजणार?"
"त्यानं तर खोलू नोका म्हटलं होतं."
मला वाटत होतं, ते फक्त मीच ऐकलंय.
बादली पुढे ओढत ती म्हणाली, "खोलानच तर मले हाक मारजा. एकट्यानं नोका."
बादली दोघांनी धरून बाहेर ओतली. प्लंबर आठला येणार. सातला उठायचं ठरलं. पुढचं नाही ठरलं.