एकाच नावाचे दोन एक्स-रे

पौड,
२१ नोव्हेंबर १९८८

प्रिय मोहिद्दीनभाईस,

मुनीराचा सलाम. चाँदमामूंना आणि मामींनाही सांग. तुझं पत्र पोचलं. व्हिसा आला की मुंबईहूनच आखाताच्या विमानात बसणार, घरी यायला सवड व्हायची नाही, हे ऐकून अम्मीनं पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. अब्बांचं दुकान ठीक चाललंय. सध्या भातकापणी आहे, त्यामुळे बाजारात माणूस नाही. अमिनाभाभी बरी आहे. तुमची छोटी जरा किरकिरते.

माझ्या नव्या कामाचं तू विचारलंस. पुण्याच्या कॉलेजातल्या लोकांनी आमच्या दवाखान्यात प्रयोग म्हणून कॉम्प्युटर ठेवलाय. त्या खोलीत चपला काढून जावं लागतं. एक्स-रेची फिल्म दिव्याच्या पेटीवर ठेवायची, वर कॅमेरा असतो, आणि मग पडद्यावर वरून खाली हळूहळू एकेक बरगडी उमटत येते. मी खाली नाव, गाव, वय टाइप करते. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

पूर्वी शिबिरातल्या फिल्म पोत्यात पडून असायच्या आणि दवाखान्यातल्या कपाटात. कुणी त्या जुळवून बघत नव्हतं. आता नाव टाइप केलं की त्या माणसाच्या सगळ्या फिल्म शेजारी शेजारी येतात.

तुझ्याही दोन आल्या.

पहिली गेल्या वर्षीच्या टीबीच्या शिबिरातली. उजव्या फुफ्फुसात वर पांढरा डाग. सोबत शेरा होता : दोनदा निरोप पाठवला, पेशंट आला नाही. दुसरी उन्हाळ्यातली, नोकरीच्या एजंटाला तब्येतीच्या दाखल्यासाठी हवी होती ती. अगदी स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधाशिवाय इतकं साफ? नशीबवान आहे तुझा भाऊ."

मी मान हलवली. पण माझी नजर खांद्याजवळच्या हाडावर होती. लहानपणी जांभळीवरून पडलास तेव्हाचं ते वेडंवाकडं सांधलेलं हाड पहिल्या फिल्ममध्ये आहे. दुसरीत ते सरळ आहे. मोडलेलं हाड असं सरळ होत नाही, भाई.

उन्हाळ्यात एक्स-रेला तुझ्यासोबत गेलेला तुझा दोस्त, नेऱ्याचा भिकू, एसटी स्टँडवर भेटला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. आधी तो हसण्यावारी नेत होता. मग म्हणाला, "व्हय, मीच उबा ऱ्हायलो मशिनपुढं. तुजा भाऊ लई गयावया करत हुता. म्हनला, या डागापायी माजं सगळं बुडंल. दोस्ताला न्हाई कसं म्हनू?"

"त्याला काय झालंय ते तुला ठाऊक होतं?"

"खोकला हाय म्हनला. तेवढंच."

त्याच्यावर काय रागावणार? घरी येऊन मी काहीच बोलले नाही. तू निघून जाशील, तिकडं चांगलं खाशील-पिशील, बरा होशील, असं मनाला सांगत राहिले. तिकडं उतरल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात आणि डाग दिसला की परत पाठवतात, हे दवाखान्यात कळलं, तरी गप्प राहिले.

छोटी जरा किरकिरते असं वर लिहिलंय ना, ते खरं नाही. तू गेल्यापासून ती खोकतेय. अंगात बारीक ताप असतो. तिचं वजन वाढायचं थांबलंय. भाभी तिला खोकल्याचं औषध पाजत होती, सर्दी म्हणून. गुरुवारी मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. इवल्याशा पोरीला एक्स-रेच्या त्या थंड पाटीपुढं भाभीनंच धरलं. नंतर ती फिल्म मीच कॅमेऱ्याखाली ठेवली. नाव टाइप करताना दोनदा चुकले.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर ती बघितली. मग भाभीला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "हिच्या घरात टीबी कुणाला आहे?"

मी तुझं नाव सांगितलं. ती दुसरी फिल्म तुझी नव्हे, हेही सांगितलं.

दाखला रद्द झाल्याचं एजंटाला दवाखान्यातून कळवलंय. बहुधा या पत्राआधीच तुझ्या कानावर जाईल. तुझी नोकरी माझ्या तोंडामुळे गेली, हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. भिकूचं नाव मी घेतलं नाही.

छोटीची औषधं सुरू झालीत. मध्ये सोडली नाहीत तर पूर्ण बरी होईल, असं बाई म्हणतात. अब्बा, अम्मी, भाभी, मी, सगळ्यांच्या फिल्म काढल्या; आमच्यात काही नाही. अब्बांना सगळं कळलंय. ते तुला शिव्या देत नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटते. भाभीनं काल एवढंच विचारलं, "त्यांना माहीत होतं, तरी रोज तिला छातीवर घेऊन झोपायचे?" याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

पडवीतली खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. मामूंच्या घरातही लहान मुलं आहेत, तिथं एक दिवसही जास्त राहू नकोस. माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल. औषध मात्र माझ्या हातून घे.

तुझं नाव सांगणारी,
तुझीच बहीण
मुनीरा