गटारीचं ग्रहण आणि नातवाचा डोळा

पुणे, ५ मार्च २०००

हरेशच्या आईस रामराम,

पोरीकडं, रत्नाकडं, सुखरूप पोचलो. गुडघा बरा हाय. म्हैस व्याली का?

काल पोरीनं तिच्या कामावर नेलं. तिकडं बोटाच्या पेराएवढे मासे पाळलेत. अंडी काचेसारखी, आतलं पिल्लू दिसतं. दुर्बिणीतनं बघितलं. मानेच्या वर, मेंदूच्या मागल्या भागात ओळीनं कप्पे, आपल्या खाचरांसारखे. डोळा वळवणारी नस कुठच्या कप्प्यात उगवायची, गाल हलवणारी कुठच्यात, ते जीन ठरवतात. जीन म्हंजे रंगरूपासारखं आईबापाकडनं येतं ते.

मी इचारलं, "आपल्या हरेशच्या पोराचा डावा डोळा बाहेर वळत नाय, तो ग्रहणानं का गो?"

ती बोलली, "बाबा, तपासल्याबिगर कारण नाय सांगता येत. पण माणसात ती नस पयल्या दीड महिन्यातच बसते. ग्रहणाचा काय संबंध?"

मी बोटं मोजली. दीड महिना म्हंजे पाडव्याच्या सुमारास. तवा सुनेलाच दिवस गेल्याचं धड ठाऊक नव्हतं. ग्रहण लागलं गटारीला, सहाव्या महिन्यात. आणि तू तिला बोललीस, "ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून पोराचा डोळा असा." ती पोराला घेऊन मुरबाडला म्हायेरी जाऊन बसली.

उद्याच एसटीनं जा, दोघांना घेऊन ये. रडारड नको.

गटारीचं कालवण मलाच पायजे होतं. कांदा चिर, मीच तिला बोललो. तू तिला बोलत होतीस तवा मी गप बसलो.

तुला तोंडानं चूक कबूल करणं जड जात असलं तर हे पत्र तिच्या हातात दे. तिला वाचता येतं.

हरेशचा बाप,
बारकू