जेटीवरून सगळ्यात लांब

रविवार, संध्याकाळ

समुद्राकाठच्या एका गावात पंख बांधून जेटीवरून उडायची स्पर्धा होती. सगळ्यात लांब मी गेलो, अगदी उघड दिसत होतं. टाळ्या मात्र कोंबडीचा वेश करून धप्पकन पाण्यात पडलेल्या माणसाला. का?

तीन महिने गॅरेजमध्ये खपलो. वाऱ्याचा हिशेब केला, आज सकाळी पंखांना हळदकुंकू लावून नारळही फोडला. पॅरामॅटा उपनगरातल्या माझ्या ऑफिसातले मित्र हसत होते. मला वाटलं, कौतुकाने!

नंतर गावातल्या छोट्या म्युझियममध्ये शिरलो. भिंतभर जुन्या स्पर्धांचे फोटो. कोणी बाथटबला पंख लावलेत, कोणी नवरीच्या वेशात. किती लांब गेले, ते एकाही फोटोखाली नाही. तिथल्या आजीबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अंतर? ते कधी कोणी मोजलंच नाही, मेट."

मग मी काय जिंकलो? की हरलो?

गाडीत लेक म्हणाली, "बाबा, यू वेअर सपोज्ड टु फॉल." बायको म्हणे, पुढच्या वर्षी नीट पड.

पण हळदकुंकू लावून कोणी पडायला निघतं का?